टिपणीसांची पाकिटं

"खाली हैं, बाईजी," अशर्फीलाल म्हणाला,
"चिट्ठी एक में भी नहीं."
तराजूत पाव किलोही भरली नाहीत.
रद्दीपेक्षा थोडा चढा भाव, थोडी घासाघीस,
आणि जनकगंजातून मी घरी आणला
एका माणसाचा नऊ वर्षांचा व्यापार.
त्यात माल नव्हता, पावती नव्हती,
माणूसही नव्हता.

पत्ता सगळीकडे तोच, जर्मन वळणाचा, टोकदार:
बी. ए. टिपणीस, फोटोग्राफर,
पाटणकर बाजार, लष्कर, ग्वालियर.
एका कारकुनाने खाली वाढवलेलं, ब्रिटिश इंडिया.
दरबारात ते कुणाला रुचलं नसतं.

हिरवं, पाच फेनिगचं तिकीट:
म्हणजे छापील मजकूर, पाकीट न चिकटवलेलं,
म्हणजे सूचिपत्र,
म्हणजे टिपणीस अजून नुसते बघत होते.
निळं, वीस फेनिगचं:
तिकडे कुणीतरी बसून त्यांना उत्तर लिहिलं.
मग एकाच महिन्यात तीन निळी.
इथे भाव ठरला असणार.
मग एक लांबट, खाकी,
"किंमत नसलेला नमुना" असा शिक्का मिरवणारं,
पोट अजून फुगलेलं.
फोटोच्या कागदाचे तुकडे आले असतील त्यात,
अंधारात उघडायचे.
कस्टमवाल्याने ते भर दुपारी उघडले होते,
त्याची सही आहे.

भोपाळच्या प्रदर्शनात परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"व्यापार दिसत नाही, बाई. पत्रव्यवहार दिसतो."
रौप्याला चार गुण कमी.
मी वाद घातला नाही.
जेवणाच्या पंगतीत मात्र घातला.

शेवटचं पाकीट टिपणीसांच्या हातचं.
ग्वालियर छापाचं तिकीट समुद्र ओलांडत नसे,
म्हणून टांगा करून ते मुरारला गेले असणार,
इंग्रजी टपालात,
अडीच आण्यांचं तिकीट घेऊन, जिभेने ओलं करून,
तिरकं चिकटवायला.
एकोणतीस जुलै, एकोणीसशे चौदा.
त्या तिरकेपणात घाई आहे.
समोर: लोरेन्त्स आणि पुत्र, भिंगांचे कारखानदार, ड्रेस्डेन.
मागे मुंबई, एडन, परत मुंबई,
आणि जांभळ्या शाईत, बोटभर लांब,
सेवा बंद. पाठवणाऱ्यास परत.
झडपेवर मोडीत, पेन्सिलीने, स्वतःपुरतं:
"डावा कोपरा धरीत नाही. भिंग मागविणे."

अशर्फीलालचा हिशेब इथे चुकला.
यात चिट्ठी आहे.
परत आल्यावर टिपणीसांनी ती फोडली नाही,
आत काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं.
मी फोडली तर किंमत निम्मी, असं मंडळातले लोक सांगतात.
मी ती खिडकीशी धरते,
काचेची निगेटिव्ह धरावी तशी, कडेला दोन बोटांत.
घड्या दिसतात. अक्षर नाही.

गेल्या महिन्यात कन्याशाळेचं कपाट हलवताना
मागून एक फोटो निघाला.
पुठ्ठ्यावर दाबून उठवलेला ठसा, टिपणीस, लष्कर,
आणि साल सतरा.
मुलींच्या चार रांगा. मधल्या बाईंच्या लुगड्याचा काठ
मोजून घ्यावा इतका स्वच्छ,
कुणाच्या हातावरचं गोंदण, कुणाची फुटलेली पाटी.
डावीकडे अगदी शेवटी एक परकर,
त्याच्या वर दोन वेण्या,
आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी
फुंकर घातलेल्या राखेसारखं काहीतरी.

"हललीय कार्टी," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

नाही हो.
ती मुळीच हलली नव्हती.
आकडे संपेपर्यंत श्वास धरून उभी होती,
सांगितलं होतं तशी.

प्रदर्शनाच्या चौकटीत सोळाच पानं मावतात.
मी सतरावं केलंय.
त्या फोटोची प्रत, डावा कोपरा मोठा करून,
आणि खाली माझ्या बऱ्यापैकी अक्षरात एवढंच:
माल पोचला नाही.